काठावरचं सरकार आणि तिसरा मजला

निवडणुकीचा निकाल लागतो, कुणालाच बहुमत मिळत नाही, आणि टीव्हीवर ‘त्रिशंकू’ हा शब्द झळकायला लागतो. लोक चहा घेऊन खुर्ची पुढे ओढतात. मी उशा मोजायला घ्यायचे.

चंदीगडमधल्या एका मोठ्या हॉटेलात मी हाउसकीपिंगचं काम केलं. हाताखालची मुलगी म्हणून लागले आणि विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. मूळची मी मिरजेची. यजमान हवाई दलात तंत्रज्ञ होते, त्यांच्या बदलीबरोबर इथे आले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही जवळच झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. मुलगा माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देतो. असो.

हाउसकीपिंग म्हणजे झाडूपोछा, असं आमच्या नातेवाइकांना अजूनही वाटतं. खरं सांगायचं तर पाहुण्याला हॉटेलात सगळ्यात जवळून आम्हीच ओळखतो. तो जेवायला काय मागवतो हे किचनला कळतं, पण तो झोपला की नाही हे आम्हाला कळतं. उशी कशी दबली आहे, पाण्याची बाटली किती रिकामी झाली आहे, यावरून माणूस वाचता येतो. आणि वाचलं ते बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो एकदाच मोडला. त्याचीच ही हकिकत.

शेजारच्या एका राज्यात निकाल लागला होता. राज्याचं नाव सांगत नाही, पक्षाचंही नाही. त्याने काही बिघडत नाही, सगळ्यांची रीत एकच. एका बाजूला बहुमताला दोन आमदार कमी पडत होते. त्यांनी दोन अपक्ष गाठले, पाठिंब्याच्या पत्रांवर सह्या घेतल्या आणि राज्यपालांकडे गेले. राज्यपालांनी नेत्याला शपथ दिली आणि सांगितलं, दहा दिवसांत विधानसभेत बहुमत सिद्ध करा. आता पक्षाच्या आमदाराने पक्षाचा आदेश मोडून उलटं मत दिलं, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. त्याला कायद्याची थोडी तरी भीती असते. अपक्षाला तसा आदेश देणारं कुणी नसतं. म्हणून सगळ्यांचा डोळा अपक्षांवर. दहा दिवस अपक्ष आणि पक्षाचे आमदारही दुसऱ्या बाजूच्या हाती लागू नयेत, यासाठी त्यांना राज्याबाहेर नेऊन ठेवतात. आमच्याकडे.

बुकिंग आलं ते कुठल्याशा ट्रॅक्टर विक्रेत्यांच्या परिषदेच्या नावाने. अख्खा तिसरा मजला. पाहुणे उतरले तेव्हा माझ्या हाताखालची एक मुलगी म्हणाली, “मॅडमजी, ट्रॅक्टरवाल्यांना बंदूकवाले गार्ड कधीपासून लागायला लागले?”

सगळी व्यवस्था भाटिया नावाच्या गृहस्थांकडे होती. हे ना आमदार, ना पक्षाचे पदाधिकारी. पन्नाशीचे, गोड बोलणारे, चार फोन बाळगणारे. आल्या आल्या त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मागवला, बिस्किटं स्टाफला वाटून टाकली आणि डब्यात सगळ्या आमदारांचे मोबाइल गोळा केले. मला म्हणाले, “मॅडमजी, हे आमचे मेहमान आहेत. टॉवेल कितीही मागोत, द्या. बाहेरची चिठ्ठी मात्र एकही नाही.”

पुढचे चार दिवस मी डोक्याला हात लावून होते. लाखभर लोकांनी निवडून दिलेली ही माणसं! एकाला पूर्वेला डोकं करून झोपायचं होतं, म्हणून आम्ही अख्खा पलंग फिरवला. एकाने शेजारच्या खोलीत मऊ उशी दिली म्हणून माझ्याकडे रीतसर तक्रार केली. दोघांची जुनी भांडणं होती, त्यांना एकाच खोलीत ठेवलं होतं आणि ते माझ्या मुलींमार्फत एकमेकांशी बोलत. “यांना सांगा, एसी कमी करा.” “यांना सांगा, शाल घ्या.” उद्या हेच मंत्रिमंडळात शेजारी बसणार. घरी येऊन मी यजमानांना म्हणाले, “अहो, मतदान करून आपण यांना उशा बदलून घ्यायला पाठवतो का?” ते नेहमीप्रमाणे हसले. मला हसू येत नव्हतं.

या सगळ्यांत ३१४ नंबरच्या खोलीतले गृहस्थ वेगळे होते. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. निवृत्त शिक्षक, पहिल्यांदाच निवडून आलेले, अपक्ष. वय सत्तरीला टेकलेलं. माझी मुलगी खोली आवरायला जायची, तर पलंग आधीच लावलेला. चादर ताणलेली, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, आम्ही नव्या मुलींना शिकवतो तसे. मी मुद्दाम बघायला गेले. ते ओशाळून म्हणाले, “वसतिगृहाचा अधीक्षक होतो बेटा. मुलांना रोज हेच सांगायचो. स्वतः न करून कसं चालेल?”

मी म्हटलं, “मास्टरजी, आमच्या पोटावर पाय येतो अशाने.”

ते मोकळेपणाने हसले. मग हळूच विचारलं, “घरी फोन लागत नाही दोन दिवस. लाइन खराब असेल का?”

आमदारांना रोज पाच मिनिटं घरी बोलू देत असत. स्पीकर चालू ठेवून, भाटियांचा माणूस शेजारी बसवून. मास्टरजींना पाठ असलेला नंबर एकच, बायकोचा. बाकीचे सगळे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल डब्यात. बायकोचा फोन नुसता वाजत होता. मी म्हटलं, असेल लाइनच खराब.

पाचव्या दिवशी दुपारी मी स्टाफच्या दारातून बाहेर पडत होते, तेव्हा एक तिशी-पस्तिशीची बाई पुढे आली. कपडे चुरगळलेले, हातात हॉस्पिटलची फाइल. म्हणाली, “तुम्ही आत काम करता ना? मी सुनीता. मास्टरजींची मुलगी.”

टीव्हीवर आमचं गेट दाखवलं होतं, ते पाहून ती आली होती. पुढच्या दाराने तिला गार्डने दोनदा हाकललं होतं. तिची आई घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. तिकडच्या डॉक्टरांनी चंदीगडला पाठवलं. आई इथेच होती, आमच्या हॉटेलपासून गाडीने दहा मिनिटांवरच्या सरकारी हॉस्पिटलात! घाईत आईचा मोबाइल घरीच राहिला. सुनीताने वडिलांच्या मोबाइलवर फोन केला, तर कुणीतरी परक्या माणसाने उचलला आणि “मास्टरजी मीटिंगमध्ये आहेत,” म्हणून ठेवून दिला. असं सहा वेळा.

“ऑपरेशन परवा आहे,” ती म्हणाली. “हृदय कमजोर आहे, धोका आहे म्हणतात. आई म्हणते, त्यांना बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. तुम्ही फक्त त्यांच्या कानावर घाला. बाकी मी बघते.”

मी तिचा नंबर घेतला आणि सरळ आमच्या जनरल मॅनेजरकडे गेले. खोसला साहेब माणूस वाईट नव्हते. पण त्यांनी दोन्ही हात जोडले. “मॅडम, प्लीज. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, बाहेरचा निरोप आत जाणार नाही. भाटियाजींना सांगतो मी. ते ठरवतील. तुम्ही यात पडू नका.”

मी पडले नाही. इतक्या वर्षांची शिस्त अंगात मुरलेली. भाटियांना सांगितलंय, म्हणजे ते मास्टरजींना सांगतीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि घरी गेले. तो एक दिवस मी फुकट घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३१४ मध्ये गेले. मास्टरजी खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला बघून म्हणाले, “आजसुद्धा फोन लागला नाही. भाटियाजी म्हणतात, गावात वीज नाही.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. हाड, हॉस्पिटल, उद्याचं ऑपरेशन, सुनीताचे सहा फोन. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. पिशवीत दोन शर्ट भरले आणि जिन्याने खाली उतरले. लिफ्टपाशी गार्ड होता, जिन्यापाशी नव्हता.

लॉबीत भाटियांनी त्यांना गाठलं. मी मागोमाग उतरले होते, सगळं ऐकलं.

“मास्टरजी, कुठे निघालात?”

“हॉस्पिटलात. तुम्हाला कालच कळलं होतं?”

“अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून... दोनच दिवसांचा प्रश्न आहे. मतदान झालं की मी स्वतः घेऊन जातो. सगळं सरकार तुमच्या एका मतावर उभं आहे!”

“मग त्याला सांगा, उभंच राहा थोडा वेळ,” मास्टरजी म्हणाले. “मी सही दिली आहे. मत देणार म्हणजे देणार. पण आता मला जाऊ द्या.”

लॉबीत इतर पाहुणे होते, भाटियांना आवाज चढवता येईना. चेहऱ्यावर एकदम मध पसरला. “बिलकुल, बिलकुल! पक्का! गाडी लावतो.” पाच मिनिटांत गाडी आली, मास्टरजींच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं बसली आणि गाडी गेली. मी सुनीताला कळवलं, बाबा निघाले. खोसला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अर्धा तास सुनावलं, ते मी आनंदाने ऐकून घेतलं.

दुपारी सुनीताचा फोन. “मॅडम, बाबा आले नाहीत.”

हॉटेल ते हॉस्पिटल दहा मिनिटं, आणि गाडी पाच तास झाले पोचली नव्हती. मी भाटियांना विचारायला गेले. ते म्हणाले, “कोण मास्टरजी?” अगदी असंच म्हणाले, डोळ्याला डोळा भिडवून. जणू मास्टरजी तिथे नव्हतेच कधी. आणि उद्या सकाळी अकराला ऑपरेशन.

रात्रभर मी काय करू शकत होते? सकाळी आठला परमिंदरचा फोन आला. परमिंदर माझ्या हाताखाली शिकलेली, आता मोहालीच्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळते. म्हणाली, “मॅम, इथे एक बुजुर्ग आहेत. रजिस्टरवर ‘कंपनी गेस्ट’ लिहिलंय, नाव नाही. चादर लावतात ती तुमच्यासारखी. मला म्हणाले, चंदीगडच्या हॉटेलात एक मराठी मॅडम आहेत, त्यांना सांग मी मोहालीत आहे. मराठी मॅम म्हटल्यावर मला तुम्हीच माहीत.”

मी सुनीताला घेतलं आणि आम्ही रिक्षाने निघालो. मोहालीच्या आयटी ऑफिसांची ती वेळ, सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर. प्रत्येक सिग्नलला सुनीता घड्याळ बघे. मी एकटीच बडबडत होते. परमिंदरने आम्हाला स्टाफच्या दाराने आत घेतलं. मास्टरजी लॉबीच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सोफ्याच्या दोन्ही टोकांना ती दोन माणसं.

सुनीताने “बाबा” म्हटलं मात्र, ते उठले. एका माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून परत बसवलं. सत्तरीच्या माणसाला, त्याच्या मुलीसमोर! मला तो हात अजून दिसतो.

सुनीता ओरडली नाही. तिने मोबाइल काढला आणि मोठ्यांदा म्हणाली, “मी इथूनच चॅनलवाल्यांना व्हिडिओ पाठवते. माझ्या बापाला ऑपरेशनच्या दिवशी आईला भेटू देत नाहीत, आणि यांना सरकार चालवायचंय!”

त्या दोघांपैकी एकाने घाईघाईने फोन लावला. पंधरा मिनिटांत भाटिया हजर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा शर्ट बिनइस्त्रीचा दिसला. माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडमजी, तुम्ही चादरी बघा ना यार. यात कशाला?”

मी म्हटलं, “चादरी बघूनच आलेय.”

शेवटी ठरलं असं की मास्टरजी जातील, पण भाटियाही बरोबर येतील. एकाच गाडीत आम्ही सगळे कोंबून बसलो. भाटियांचे चारही फोन वाजत होते. पावणेअकराला हॉस्पिटल गाठलं. मास्टरजींच्या पत्नी स्ट्रेचरवर, लहानखुऱ्या, पांढऱ्याफटक. नवऱ्याला बघून त्यांनी फक्त विचारलं, “जेवला का?” आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, “चला, न्या आता.”

एवढ्यात नर्स आली. रक्ताच्या दोन बाटल्या लागतील, नातेवाइकांपैकी कुणीतरी ब्लड बँकेत जा. सुनीता आईजवळ, मास्टरजींचं वय झालेलं. नर्सने भाटियांकडे बोट केलं, “तुम्ही! उभे काय राहिलात? पळा!” आणि भाटिया पळाले. ऑपरेशन पुढे गेलं असतं, तर मास्टरजी हॉस्पिटलातून हलले नसते, हे त्यांना नर्सपेक्षा चांगलं कळत होतं. तासभर रांगेत उभे राहिले, एक बाटली स्वतःचं रक्त दिलं, आणि दंडावर कापूस दाबून परत आले. ऑपरेशन नीट पार पडलं. त्या दिवशी त्या सरकारने केलेलं चांगलं काम बहुधा तेवढंच.

मतदान दुसऱ्या दिवशी. मी चादरी-टॉवेलांच्या लिनन रूममध्ये मुलींना घेऊन टीव्हीसमोर उभी होते. माझी खात्री होती, मास्टरजी यांना इंगा दाखवणार. उलटं मत देतील, नाहीतर जाणारच नाहीत. आमदार उभे राहत होते, मोजणी चालली होती, आणि कॅमेरा मास्टरजींवर आला. ते सरकारच्या बाजूने उभे होते. सरकार एका मताने तरलं.

मी रिमोट आपटला. बॅटऱ्या कपाटाखाली गेल्या. माझ्या हातात त्याच दिवशी खोसला साहेबांचं पत्र पडलं होतं. पाहुण्यांच्या मजल्यांवरून माझी बदली बँक्वेट हॉलच्या टेबलक्लॉथवर. इतक्या वर्षांनंतर! आणि ज्यांच्यासाठी हे झालं, ते गृहस्थ त्याच लोकांच्या बाजूने उभे. घरी जाऊन मी यजमानांवर इतकी चिडले, की जणू मत त्यांनीच दिलं होतं.

तीनेक महिन्यांनी मास्टरजी पत्नीला तपासणीसाठी चंदीगडला घेऊन आले, तेव्हा मला भेटायला आले. सेक्टर १७ च्या बाजारात एका बाकावर आम्ही बसलो. पत्नी काठी टेकत शेजारी. मी आडपडदा न ठेवता विचारलं, “असं का केलंत?”

ते म्हणाले, “बेटा, निकालानंतर मी गावोगाव सभा घेतल्या होत्या. विचारलं, कुणाला पाठिंबा देऊ? लोकांनी हात वर करून सांगितलं. मी त्यांना शब्द दिला. भाटियाने जे केलं, ते माझ्याशी केलं. त्याची शिक्षा त्या लोकांना का?”

“पण मग असल्या लोकांचं फावतंच ना!”

“फावतं,” ते म्हणाले. “मंत्रिपद देत होते. नको म्हटलं. त्यांच्या कुठल्याही हॉटेलात परत येणार नाही, हेही लिहून दिलं. यापलीकडे मला काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.”

मला सुचलं नाही. पण त्यांचं म्हणणं पूर्ण पटलंही नाही, आजही पटत नाही. त्यांच्या पत्नीने माझा हात हातात घेऊन ठेवला होता, म्हणून मी वाद वाढवला नाही.

वर्षभरात ते सरकार पडलं. मास्टरजींमुळे नाही, पक्षाचेच काही जण राजीनामे देऊन निघाले. पुन्हा राज्यपाल, पुन्हा पत्रं, पुन्हा मुदत. आणि पुन्हा आमच्याकडे बुकिंग, या वेळी कुठल्याशा खतविक्रेत्यांच्या नावाने. लॉबीत बघते तर भाटिया! तेच, पण आता दुसऱ्या बाजूचे. मला बघून हात जोडले, जुन्या मैत्रिणीला भेटावं तसे. “मॅडमजी! तोच मजला पाहिजे.”

माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीला तिसरा मजला झेपेना, म्हणून खोसला साहेबांनी मला बोलावलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. मी म्हटलं, सांभाळते, पण एक अट. घरचा निरोप आला, तर तो मी पाहुण्यापर्यंत पोचवणार, आणि हे कागदावर पाहिजे. खोसला साहेबांनी भाटियांकडे बघितलं. भाटियांनी न वाचता सही ठोकली. सह्या ते अशाच करतात.

म्हणून मी त्या सहीच्या भरवशावर राहिले नाही. पाहुणे उतरले त्या सकाळी वही घेऊन स्वतः प्रत्येक खोलीत गेले. नमस्कार केला, टॉवेल ठेवले आणि विचारलं, “घरचा एक नंबर द्या. जो घरी नक्की उचलला जाईल असा.” कुणी का म्हणून विचारलं, तर सांगत होते, “घरी कुणी पडलं-झडलं तर कळवायला.” बहुतेकांनी निमूट दिला. दोघातिघांनी बायकोचा आणि मुलाचा, दोन्ही दिले. एक अगदी तरुण आमदार होता, तिशीही न ओलांडलेला. त्याने ऐटीत एक नंबर सांगितला, मी लिहून घेतला आणि पुढच्या खोलीकडे वळले.

मागून दार उघडल्याचा आवाज आला. तो अनवाणीच बाहेर आला होता. इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडमजी, तो नंबर पार्टी ऑफिसचा आहे. आम्हाला तोच द्यायला सांगितलाय. खोडा तो. आईचा लिहा.”

मी खोडला आणि आईचा लिहून घेतला.